निवडक अकरा: कुणी निवडले, कधी, कुठून?

गेल्या अंकात आम्ही एक छोटी चौकट छापली होती. १८८९ साली ‘दि वीक्स स्पोर्ट’ या अमेरिकी नियतकालिकात देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूंची पहिली यादी, म्हणजेच पहिला ‘ऑल-अमेरिका’ संघ, आली आणि तिच्यातले अकराच्या अकरा जण हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीनच विद्यापीठांचे होते, एवढाच मजकूर. त्यावर सोलापूर जिल्ह्यातून इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच द्यावं लागलं. फुटबॉल म्हणजे इथे लांबट चेंडू काखेत मारून पळायचा अमेरिकी खेळ. पार्क मैदानावर पायाने खेळतात तो नव्हे.

या ‘ऑल-अमेरिका’ संघाचा सामना कुणाशी झाला? निकाल काय लागला?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, विजापूर रोड

कुणाशीच नाही. हा संघ मैदानात उतरलाच नाही, आणि उतरवावा असं कुणाच्या मनातही नव्हतं. प्रत्येक जागेवरचा हंगामातला उत्तम खेळाडू कोण, हे सांगणारी ती अकरा नावांची यादी. दोन एंड, दोन टॅकल, दोन गार्ड आणि मधला सेंटर ही सात जणांची आघाडीची फळी. मागे क्वार्टरबॅक, दोन हाफबॅक आणि फुलबॅक. तेव्हा हेच अकरा जण चढाई आणि बचाव दोन्ही करत, म्हणून यादी अकरांचीच. पहिली निवड येलच्या वॉल्टर कॅम्प या प्रशिक्षकाची की कॅस्पर व्हिटनी या क्रीडालेखकाची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. म्हणजे ‘कुणी निवडला?’ हा प्रश्न या यादीच्या जन्मापासून तिला चिकटलेला आहे. खालची बहुतेक उत्तरं त्याच प्रश्नाकडे येतील.

अकरा जण तीनच विद्यापीठांचे का, हेही तुम्ही विचारलं आहे. तेव्हा खेळ खरोखरच तिथे पुढारलेला होता, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं रेल्वेच्या वेळापत्रकात सापडतं. सामने बहुतेक शनिवारी. हंगाम साधारण दहा शनिवारांचा. एक माणूस एका शनिवारी एकच सामना बघणार. १९०२ साली सुरू झालेली ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ ही न्यू यॉर्क–शिकागो मार्गावरची नावाजलेली जलद गाडीसुद्धा २० तास घेई. येलच्या गावी राहणारा कॅम्प शिकागोचा किंवा दक्षिणेतल्या नॅशव्हिलचा खेळाडू बघणार कधी? तो प्रशिक्षकांच्या आणि ओळखीच्या जाणकारांच्या पत्रांवर विसंबे. १८९८ साली शिकागोचा क्लॅरेन्स हर्शबर्गर कॅम्पच्या ‘पहिल्या संघात’ (म्हणजे सर्वोत्तम अकरांत; त्यांच्या खालोखालचे ‘दुसऱ्या संघात’) आला. पश्चिमेकडचा तो पहिलाच.

दक्षिणेला त्याच्याही पुढे २० वर्षं थांबावं लागलं. कॅम्पच्या पहिल्या संघात आलेला पहिला दक्षिणी खेळाडू म्हणजे जॉर्जिया टेकचा सेंटर ‘बम’ डे, १९१८. आणि गंमत बघा, जॉर्जिया टेकचा खरा पराक्रम त्याच्या आदल्या वर्षीचा: १९१७ साली ९ पैकी ९ सामने जिंकले, केलेले गुण ४९१, दिलेले १७. पण पहिल्या महायुद्धामुळे कॅम्पने त्या वर्षी नेहमीची कॉलेजांची यादी न करता लष्करी तळांवरच्या संघांतून निवड केली. इतर निवडकर्त्यांनी स्ट्रपर आणि कार्पेंटर या टेकच्या दोघांना घेतलं. कॅम्पच्या वहीत मात्र कॉलेजांसाठी ते वर्ष कोरंच.

आमची वर्तमानपत्रं, आमचे प्रशिक्षक, आमचे अकरा, हा प्रदेशांनी दिलेला जबाब. त्यातून ‘ऑल-वेस्टर्न’, ‘ऑल-सदर्न’, ‘ऑल-पॅसिफिक कोस्ट’ या याद्या निघाल्या. प्रदेशाच्या नावाने निवडलेले संघ प्रत्यक्ष खेळवण्याची कल्पना पुष्कळ नंतरची. पूर्व विरुद्ध पश्चिम हा श्राइन सामना डिसेंबर १९२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाला, मुलांच्या रुग्णालयांसाठी निधी उभारायला.

भवानी पेठेतल्या रद्दीवाल्याकडे जुन्या बाडात एका अमेरिकी वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं. शीर्षक ‘ऑल-वेस्टर्न इलेव्हन’. वरचा भाग फाटलाय, त्यामुळे तारीख नाही, पत्राचं नाव नाही. क्वार्टरबॅक एकरसॉल, एका हाफबॅकचं नाव हेस्टन. खालच्या मजकुरात फील्ड गोलचे ४ गुण आणि पहिल्या डाउनसाठी ५ यार्ड असा उल्लेख आहे. कात्रण कधीचं? आणि वेस्टर्न म्हणजे कॅलिफोर्नियाच ना?
— जुन्या कागदांचे संग्राहक, सोलापूर

दुसरं आधी. नाही. त्या काळातलं ‘वेस्ट’ म्हणजे शिकागोच्या आसपासचा मुलूख: मिशिगन, इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, इंडियाना. आज त्याला मिडवेस्ट म्हणतात. १८९६ साली सात विद्यापीठांनी मिळून ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ स्थापन केली, तीच आजची ‘बिग टेन’. पॅसिफिक किनाऱ्याचा हिशोब वेगळा होता. सोलापूरकरांना हे कळायला जड जाऊ नये. आपण कागदोपत्री पुणे विभागात, बार्शीची पाठ मराठवाड्याला लागलेली आणि अक्कलकोट ओलांडलं की कर्नाटक. दिशेचं नाव नकाशावर ठरत नाही, ते कोण कुठे उभं राहून देतंय यावर ठरतं.

आता तारीख. तुम्ही नकळत चार खुणा दिल्या आहेत आणि चारही उत्तम आहेत.

फील्ड गोलची, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून पाठवण्याची, किंमत आधी ५ गुण होती; १९०४ साली ती ४ झाली आणि १९०९ साली ३. म्हणजे तुमचा कागद १९०४ ते १९०८ मधला. पहिल्या डाउनसाठी, म्हणजे चेंडू आपल्याकडेच राहून प्रयत्न पुन्हा पहिल्यापासून मिळायला, ३ प्रयत्नांत ५ यार्ड पुढे जायचं हा नियम १९०५ च्या हंगामापर्यंतच; १९०६ पासून १० यार्ड झाले. उरली दोनच वर्षं, १९०४ आणि १९०५. मिशिगनचा विली हेस्टन १९०१ ते १९०४ खेळला. शिकागोचा वॉल्टर एकरसॉल १९०६ पर्यंत होता, त्यामुळे तो इथे निर्णायक ठरत नाही. हेस्टन ठरवतो. हंगाम १९०४ चा. आणि अशा याद्या नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाचे सामने आटोपल्यावर येत, म्हणून नोव्हेंबर अखेर किंवा डिसेंबर.

एक फट राहते. ‘आजवरचे सर्वोत्तम’ अशा याद्याही पुढे अनेक वर्षं छापल्या जात आणि हेस्टन त्यांत हमखास असे. तुमच्या मजकुरात नियम चालू असल्यासारखे, वर्तमानकाळात आहेत का ते बघा. शिवाय कात्रण उलटं करा. संग्राहक पुढची बाजू भिंगाखाली धरतात आणि मागची विसरतात. मागे रुझवेल्टच्या निवडणुकीचा (८ नोव्हेंबर १९०४), सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनाच्या समारोपाचा (१ डिसेंबर) किंवा रशिया-जपान युद्धातल्या पोर्ट आर्थरच्या वेढ्याचा काही तुकडा सापडला तर प्रश्नच मिटला. त्या वर्षी मिशिगन आणि मिनेसोटा दोघेही अपराजित राहिले आणि एकमेकांशी खेळलेच नाहीत, त्यामुळे यादी कुणाच्या बाजूला झुकते यावरून ती कुठल्या गावच्या पत्रातली असावी याचा अंदाजही बांधता येईल. अंदाजच, पुरावा नव्हे.

इतर कात्रणांसाठी उपयोगी पडतील अशा आणखी खुणा. टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे, ५ गुण: १८९८ ते १९११. टचडाउनचे ६ गुण, चार डाउन आणि १०० यार्डांचं मैदान: १९१२ नंतर. त्याआधी मैदान ११० यार्डांचं. पुढे फेकलेल्या पासचा, म्हणजे फॉरवर्ड पासचा, कायदेशीर डाव म्हणून उल्लेख: १९०६ नंतर. चार क्वार्टर: १९१० नंतर, त्याआधी सामन्याचे दोनच अर्धे. ओहायो स्टेट वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये दिसलं तर १९१२ नंतर. मिशिगनचा मात्र चकवा आहे. नियमांवरून भांडण होऊन ते विद्यापीठ कॉन्फरन्समधून बाहेर पडलं आणि १९१७ साली परतलं. मधल्या वर्षांत ‘ऑल-कॉन्फरन्स’ यादीत मिशिगनचा माणूस नसणार, पण ‘ऑल-वेस्टर्न’ यादीत असू शकतो. दोन्ही शब्द एकच समजून तारीख काढायला गेलं की गाडी घसरते.

अमेरिकन मराठी मिशनचं काम सोलापुरात एकोणिसाव्या शतकापासून होतं. असा कागद इथे मिळावा यात नवल नाही, पण तो मिशनकडूनच आला असं त्यावरून सिद्ध होत नाही. विकताना तसं लिहू नका.

राहता राहिली जपणूक. लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप नको, फाटलेलं डिंकाने चिकटवणंही नको. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असतं; उष्णतेत आणि उजेडात तो पिवळा पडून घडीवर तुटतो, आणि आपला एप्रिल-मे त्याला चांगलाच पुरतो. घडी उलगडून सपाट, आम्लरहित कागदाच्या दोन पानांमध्ये, लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा; वरचा कप्पा तापतो. त्याआधी दोन्ही बाजू किमान ३०० डीपीआयने स्कॅन करून घ्या, छायाचित्र असेल तर ६०० ने.

एकाच वर्षाच्या तीन ऑल-सदर्न याद्या नेटवर दिसतात आणि तिन्हींत नावं वेगळी. खरी कुठली?
— ग्रंथालय कर्मचारी, पंढरपूर

तिन्ही खऱ्या. ‘ऑल-सदर्न’ देणारी एक अधिकृत संस्था नव्हतीच. वर्तमानपत्राचा क्रीडालेखक देई, पंच देई, प्रशिक्षकही देई. जॉन हाइजमन यादी काढत असे आणि स्वतः ऑबर्न, क्लेम्सन, मग जॉर्जिया टेकचा प्रशिक्षकही होता. व्हँडरबिल्टचा डॅन मॅकगुगिनही दोन्ही कामं करी. पश्चिमेत एकरसॉल खेळणं संपल्यावर ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये लिहू लागला, सामन्यांत पंच म्हणून उभा राहू लागला आणि यादीही काढू लागला. आज कुणी असं केलं तर आपण तोंडात बोट घालू. तेव्हा मात्र सामना जवळून पाहिलेला माणूस मिळणं हीच अडचण होती, आणि पंचाइतक्या जवळून कोण पाहणार? आमच्या मते पंचाची यादी प्रशिक्षकाच्या यादीपेक्षा जास्त विश्वासाची, विशेषतः गार्ड आणि टॅकल या जागांसाठी. प्रेक्षकांत बसलेल्या लेखकाला धावणारा हाफबॅक दिसतो. त्याला वाट करून देणारा गार्ड ढिगाऱ्याखाली असतो.

म्हणून नोंद करताना ‘ऑल-सदर्न, १८९९’ एवढंच लिहू नका. निवडकर्ता, छापणारं पत्र, वर्ष आणि पहिला संघ की दुसरा, हे चार रकाने भरा. बऱ्याच याद्या सापडल्या तर कल काढता येतो, तो असा: एक निवडकर्ता, एक मत; एकच यादी चार पत्रांनी उचलून छापली असेल तरी मत एकच. डावा-उजवा भेद काढून टाका आणि दोन्ही टॅकल एकाच टोपलीत मोजा, नाहीतर एकाच माणसाची मतं फुटतात. एका यादीत हाफबॅक आणि दुसरीत फुलबॅक असेल तर आधी ‘बॅक’ म्हणून बेरीज करा, मग जास्त वेळा जिथे आला ती जागा द्या. तीन तगडे हाफबॅक असले की तिसऱ्याला फुलबॅकच्या जागी बसवून देण्याची निवडकर्त्यांना खोडच होती.

नावांच्या घोळात सर्वाधिक चुका होतात. नुसतं ‘टेक’ म्हणजे दक्षिणेत बहुधा जॉर्जिया टेक. ‘जॉर्जिया’ हे वेगळं विद्यापीठ. ‘अलाबामा पॉलिटेक्निक’ म्हणजे ऑबर्न, अलाबामा नव्हे. ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ म्हणजे सुवानी. ‘ओरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेज’ म्हणजे आजचं ओरेगन स्टेट. ‘वॉशिंग्टन’ दोन आहेत, एक सेंट लुइसचं आणि एक सिएटलचं. यादी कुठल्या प्रदेशाची हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॅम्प ज्याचं संपादन करी त्या स्पॉल्डिंगच्या वार्षिक फुटबॉल गाइडच्या जुन्या प्रती डिजिटल ग्रंथालयांत मोफत बघता येतात आणि प्रादेशिक याद्या तिथे एकत्र सापडतात. फक्त एक सांभाळा: गाइडमध्ये मागच्या हंगामाचा आढावा असतो. मुखपृष्ठावर १९०५ असेल तर आतले संघ १९०४ चे. नेटवरच्या कित्येक वंशावळींत खेळाडू एका वर्षाने पुढे सरकलेला आढळतो, त्याचं कारण हेच.

सुवानीचं नाव आलंच आहे तर, ‘प्रादेशिक म्हणजे दुय्यम’ असं म्हणणाऱ्यांसाठी: १८९९ साली टेनेसीतल्या या छोट्या कॉलेजने १२ पैकी १२ सामने जिंकले. त्यातले पाच बाहेरगावी सहा दिवसांत: टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टुलेन, एलएसयू, मिसिसिपी. हंगामात त्यांच्याविरुद्ध गुण करू शकलं ते एकटं हाइजमनचं ऑबर्न, आणि तो सामनाही सुवानीने ११–१० असा जिंकला. त्या वर्षी कॅम्पच्या पहिल्या संघात सुवानीचा एकही माणूस नाही.

‘मार्शल योजने’चे जनरल मार्शल ऑल-सदर्न खेळाडू होते असं ऐकलं. खरं का?
— निवृत्त सैनिक, मोहोळ

खरं. जॉर्ज सी. मार्शल व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटच्या संघात टॅकल होते आणि १९०० च्या हंगामासाठी त्यांची ऑल-सदर्न म्हणून निवड झाली. युद्धानंतरचा युरोप उभा करणाऱ्या त्या योजनेसाठीचं शांततेचं नोबेल त्यांना पुढे १९५३ साली मिळालं.

या याद्यांत कृष्णवर्णीय खेळाडू होते का?
— वाचक, बार्शी

उत्तरेत होते, थोडे. हार्वर्डचा सेंटर विल्यम हेन्री लुइस १८९२ आणि १८९३ च्या ऑल-अमेरिका संघांत. ब्राउनचा फ्रिट्झ पोलार्ड १९१६ च्या आणि रटगर्सचा पॉल रॉब्सन (होय, पुढे गायक झालेला तोच) १९१८ च्या कॅम्पच्या पहिल्या संघात. मिनेसोटाचा एंड बॉबी मार्शल पश्चिमेत गाजला. १९०६ साली पावसाने चिखल झालेल्या मैदानावर त्याच्या फील्ड गोलने मिनेसोटाने शिकागोला ४–२ असं हरवलं. हा आकडा बघून छपाईची चूक वाटते, पण फील्ड गोलचे ४ आणि सेफ्टीचे (चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवल्याचे) २ धरले की बसतो.

दक्षिणेत मात्र नाही. तिथली गोऱ्यांची विद्यापीठं कृष्णवर्णीयांना प्रवेशच देत नसत, आणि त्यांच्या स्वतंत्र कॉलेजांचा खेळ ‘ऑल-सदर्न’ ठरवणाऱ्यांच्या जमेत नव्हता. त्या कॉलेजांचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना, बिडल विरुद्ध लिव्हिंगस्टन, डिसेंबर १८९२ मध्येच झाला होता. पुढे त्यांच्या स्वतंत्र याद्या ‘पिट्सबर्ग कुरिअर’सारख्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी काढल्या. ‘ऑल’ हा शब्द वाचताना त्यात कुणाला मोजलंच नव्हतं ते आधी तपासावं.

आमच्या आंतरशालेय कबड्डी स्पर्धेनंतर ‘ऑल-सोलापूर’ संघ जाहीर करायचा विचार आहे. अमेरिकेतल्या पद्धतीतून काही घेण्यासारखं?
— क्रीडाशिक्षिका, जुळे सोलापूर

बाई, त्यांची यादी घ्या, त्यांची पद्धत नको.

आधी जागा ठरवा, नावं नंतर. सात जणांत चढाईपटू २, अष्टपैलू १, कोपरारक्षक २, मध्यरक्षक २. डावा-उजवा वेगळा करू नका, वर टॅकलचं सांगितलं तेच कारण. निवडकर्ते पाच घ्या आणि त्यांत किमान दोन पंच असू द्या. जिल्ह्यात ११ तालुके आहेत. सगळे निवडकर्ते शहरातले असले तर अकलूज आणि करमाळ्याच्या मुलांचं तेच होईल जे कॅम्पच्या वहीत नॅशव्हिलचं झालं. म्हणून प्रत्येकाला तालुके वाटून द्या आणि निदान चार सामने प्रत्यक्ष पाहिल्याची तारीखवार नोंद मागा. ज्याने संघ पाहिलेला नाही, त्याने त्या संघातल्या मुलाला ऐकीव मत देऊ नये.

प्रत्येकाने पहिला आणि दुसरा संघ द्यावा. पहिल्यातल्या नावाला २ गुण, दुसऱ्यातल्याला १. आपल्या शाळेच्या खेळाडूला मत देता येणार नाही हा नियम हवाच, पण तो लावताच दुसरी चूक होते, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या शाळेचे शिक्षक निवडकर्ते आहेत त्या मुलाला जास्तीत जास्त ८ गुण मिळू शकतात, बाकीच्यांना १०. सरळ बेरीज केली तर गुरुजी समितीवर असल्याची शिक्षा मुलाला. म्हणून मिळालेल्या गुणांना शक्य गुणांनी भागा: ८ पैकी ८ म्हणजे १००, १० पैकी ९ म्हणजे ९०. बरोबरी झाली तर पहिल्या संघात जास्त निवडकर्त्यांनी घेतलेला पुढे.

चढाईपटू सगळ्यांना दिसतो, पकड करणारा कमी. म्हणून गुणपत्रकातून प्रत्येकाच्या यशस्वी पकडी आणि चढाईचे गुण काढून, खेळलेल्या सामन्यांनी भागून, मतदानाआधी समितीच्या हातात द्या. पाच सामने खेळलेल्याची बेरीज दोन सामने खेळलेल्याशी ताडू नका. मतपत्रिका अंतिम सामन्यानंतर दोन दिवसांनी घ्या. मैदानावरच घेतल्या तर अंतिम सामन्यात चमकलेलेच सात जण येतात. आणि जाहीर करताना कुणी कुणाला मत दिलं तो तक्ता फलकावर लावा. तक्रारी येतील, पण त्या नावानिशी येतील.

१९०६ ते १९१४ या काळातल्या पॅसिफिक किनाऱ्याच्या संघांत कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्डचं कुणीच का सापडत नाही?
— वाचक, होटगी रोड

कारण ती दोन्ही विद्यापीठं तेव्हा रग्बी खेळत होती. १९०५ पर्यंत अमेरिकी फुटबॉल दुखापतींनी आणि मृत्यूंनी इतका बदनाम झाला होता की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पूर्वेने नियम बदलले, या दोघांनी खेळच बदलला. त्यामुळे त्या वर्षांच्या किनाऱ्याच्या याद्या वायव्येकडच्या नावांनी भरल्या, आणि सिएटलच्या वॉशिंग्टनचा गिल डोबीच्या हाताखालचा संघ तर १९०८ ते १९१६ एकही सामना हरला नाही. कॅलिफोर्निया १९१५ साली फुटबॉलकडे परतलं, स्टॅनफर्डला आणखी काही वर्षं लागली.